भाजी बंद करायच्या आधी (सोसायटी ग्रुप, परभणी)

बी-१०३: ताई, भाजीत फवारणीचं औषध (कीटकनाशक) राहतं असा कालचा तो फॉरवर्ड वाचल्यापासून भीतीच बसली. पोराला आता नुसतं वरण-भात अन् बटाटा देणार.

ए-२०४: आम्ही मिठाच्या पाण्यात ठेवतो अर्धा तास, मग काय बी राहत नाही.

सी-३०१: वहिनी भाजी बंद करू नका हो. त्या फॉरवर्डमध्ये औषधाचं नाव नाही, किलोमागं किती मिलिग्रॅम तेही नाही, मग धोका मोजणार कशावरून? हिशोब असाय की भाजीत औषध किती, ती खाल्ली किती, त्याला वजनानं भागायचं अन् त्या औषधाची जी रोजची मर्यादा ठरलेली असते तिच्याशी लावून बघायचं. समजा भेंडीत किलोला ०.२ मिलिग्रॅम निघालं अन् १५ किलोच्या पोरानं १०० ग्रॅम खाल्ली, तर पोटात गेलं ०.०२ मिलिग्रॅम. ते क्लोरपायरीफॉस नावाचं कीटकनाशक असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनं त्या पोराला दिवसाला ०.१५ मिलिग्रॅम चालतं, म्हणजे बरंच खाली. पण तेवढंच मोनोक्रोटोफॉस हे दुसरं कीटकनाशक असेल तर मर्यादा फक्त ०.००९, म्हणजे दुपटीच्या वर गेलं! भाजीवर ते मारायला २००५ पासून बंदी आहे ती उगाच नाही.

बी-१०३: मग क्लोरपायरीफॉस चालतं म्हणायचं का?

सी-३०१: नाही, तसं बी नाही. युरोपनं २०२० मध्ये ते बंद केलं, त्यांच्या तज्ज्ञांच्या मते त्याला सुरक्षित अशी मर्यादाच ठरवता येत नाही. अन् क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, अ‍ॅसिफेट ही एकाच गटातली, नसांवर सारखाच परिणाम करतात, म्हणून एका ताटात दोन-तीन आली तर बेरीज धरावी लागते. लेकरांचं वजन कमी, त्यामुळं तेवढीच भाजी त्यांना किलोमागं जास्त पडते, काळजी तिथं करायची.

ए-२०४: अन् मिठाचं पाणी?

सी-३०१: काका धुवाच, वाहत्या पाण्यात चोळून धुवा, वरवरचं बरंच निघतं. पण इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या आत भिनतात, ती धुवून जात नाहीत. खरी गोम तोडणीत आहे. आमच्या भाऊजींची वांगी असतात, अळी लागली की फवारणी, अन् दर चार-पाच दिवसाला तोडा असतोच. औषधाच्या लेबलवर फवारल्यावर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतंय, पण मार्केटला भाव आला की कोण थांबतंय! संध्याकाळी मारलं अन् सकाळी तोडलं तर तुम्ही मिठात ठेवा नाहीतर सोड्यात. म्हणून गेटवर जे शेतकरी दादा स्वतःचा माल आणतात त्यांना फवारणी कधी झाली ते विचारत जा, रोज विचारलं की तेही लक्ष ठेवतात.

अन् एक, वर्गणी काढून वांगी, भेंडी, मिरचीचा नमुना एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबला द्यायचा का? रिपोर्टवर औषधाचं नाव अन् मिलिग्रॅम दोन्ही मागून घेऊ.

बी-१०३: माझी वर्गणी धरा. मेथी पण घ्या त्यात, आमच्यात रोज लागते.