मदत हवी आहे: गावतळ्याच्या काठावर स्थानिक झाडोऱ्याचा पट्टा

नमस्कार मंडळी,

मालवण तालुक्यात आमच्या गावात एक जुनं तळं आहे. वरच्या अंगाला डोंगर आणि काजूच्या बागा, खालच्या अंगाला मळे. म्हशी इथंच डुंबतात, गणपतीही इथंच विसर्जन होतात. वरचा डोंगर नव्या लागवडीसाठी जेसीबीने उघडा केला, तेव्हापासून मिरगाच्या पावसात तळं लालभडक होतं आणि चतुर्थीपर्यंत निवळत नाही. व्हाळ (ओढा) जिथं तळ्यात शिरतो तिथं तर गाळ इतका साठलाय की उन्हाळ्यात गुरं त्यावरून चालत जातात.

आता पंचायतीत सुशोभीकरणाचा विषय निघालाय: चहूबाजूंनी दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर), पेव्हर ब्लॉकची वाट आणि शोभेचे पाम! (तळ्याला पाम कशाला, हे विचारायची सोय नाही.) सरपंच ऐकून घेणारे आहेत. "दुसरं काही सुचत असेल तर लिहून आणा," म्हणाले.

सध्या एका काठावर आकेशिया आहे, त्याखाली नुसतं रानमोडीचं तण. समोरच्या काठाला थोडे करंज, एक जुनी उंडी आणि केवड्याचं बेट आहे. पाणकोंबड्या पिल्लं घेऊन दिसतात त्या तिथंच.

पट्टा किती रुंद हवा? कुठं काय लावायचं? गुरांचं काय करायचं? पाणथळीपासून ५० मीटरचा नियम आम्हाला लागू होतो का? जाणकारांनी कृपया सांगावं.

– मळेवाला

व्हाळकाठ:
रोपांची यादी करण्याआधी पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढतं ते बघा. भर आषाढात तिथं खुंट्या ठोकून ठेवा, कारण मे महिन्यात दिसणारा काठ हा खरा काठ नव्हे. खुंट्यांच्या आत जे वर्षातले तीन-चार महिने पाण्यात उभं राहू शकेल तेच टिकेल: लव्हाळा, निवर, वाळुंज, केवडा. खुंट्यांच्या लगेच बाहेर करंज, उंडी, जांभूळ. आणि त्याहून वर, जिथून लाल पाणी येतं त्या उतारावर, झाडं नकोत, आधी गवत हवं. लोक इथंच गडबडतात. झाडांच्या रांगेखालून पाणी सरळ वाहून जातं, गवताच्या दाट ठोंबांत मात्र त्याचा वेग मोडतो आणि माती खाली बसते. वाळ्याचे ठोंब उताराला आडवे, अगदी जवळजवळ लावा, पाऊस लागला की लगेच. फूटपट्टी घेऊन रुंदी ठरवू नका. व्हाळाच्या तोंडाशी जागा मिळेल तितका रुंद, खालच्या बांधाच्या बाजूला अरुंद चालेल. बांधावर मोठी झाडं मात्र मुळीच नकोत, मुळं कुजली की त्या पोकळीतून पाणी झिरपायला लागतं.

आकेशिया एकदम तोडू नका. काठ उघडा पडला तर आहे त्यापेक्षा जास्त माती आत जाईल. थोडी थोडी तोडा, बुंधे जमिनीतच राहू द्या, मधल्या जागेत करंज येऊ द्या. रानमोडी जमीन ओली असताना उपटली तर मुळासकट निघते. फुलावर येण्याआधी हे काम उरका. जाळू नका, तणनाशक तर पाण्याजवळ नकोच.

बी बाहेरून आणायची गरज नाही. तुमच्या उंडीखालीच फळं पडत असतील. कवच टणक असतं, हलकेच तडकवून पेरलं की लवकर रुजतं. देवराईतून बी घ्यायचं असेल तर आधी मानकऱ्यांना विचारा, आमच्याकडे त्यासाठी देवाचा कौल घेतात.

शक्य असेल तर धामापूरला जाऊन या. १५३० सालचं तळं, २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांत नोंद झाली. काठाला दाट झाडी म्हणजे काय ते सरपंचांना तिथं दाखवा, कागदापेक्षा लवकर पटेल.

खाजणवाट:
नियमाचं थोडं सांगतो. २०१७ च्या पाणथळ नियमांत नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नको, असं आहे. पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेली तळी त्या व्याख्येतून वगळली आहेत. तेव्हा आधी तुमचं तळं दप्तरी कशासाठी नोंदलंय ते तलाठ्याकडे बघा. खाडीकाठच्या कांदळवनाचा ५० मीटरचा पट्टा ही वेगळी गोष्ट, दोन्हींची गल्लत करू नका. सिंचनाचं तळं निघालं तर कायद्याचा धाक दाखवायला जाऊ नका, ग्रामसभेचा ठरावच उपयोगी पडेल.

गडगेकर:
गुरांक वाट ठेवा मगे कुंपण घाला. म्हशी खय जातल्यो? एक उतार दगड घालून पक्को करा, थयच गणपतीय. बाकी काठाक गडगो (दगडांची भिंत) किंवा काटेरी वय (कुंपण). आणि मे म्हयन्यात गाळ काढतत तेव्हा जेसीबीवाल्याक आधीच सांगान ठेवा, गाळ काठार टाकूक नको. पयल्या पावसात परत आत येता.

मळेवाला:
सगळ्यांचे आभार. म्हशींच्या आणि गणपतीच्या उताराला दगड वापरायचा, म्हणजे पिचिंगचा थोडा निधी तिथं लागेल आणि ठरावही पास व्हायला सोपं जाईल. धामापूरची फेरी सरपंचांच्या गाडीतूनच करतो.

एक शंका राहिली. व्हाळाच्या तोंडाशी वाळा लावायची जागा खासगी काजूवाल्याची आहे. त्याची पट्टी सोडायची तयारी नाही, पण वाळ्याची मुळं विकता येतात हे ऐकून तो जरा विचारात पडलाय. मुळं खणली तर माती परत सैल होणार ना? आलटून पालटून ओळी खणायच्या असं कोणी केलंय का?