घरच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस विकत घ्यायचा का? दुकानदार लई मागं लागलाय

रविवार_तांबडा_रस्सा
मंडळी जरा सल्ला द्या. घरात जुना असेंबल्ड डेस्कटॉप आहे, आय-थ्री चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, विंडोज १०. पोरगी बारावीला आहे तिचे प्रोजेक्ट, बायकोच्या भिशीचा हिशोब आणि माझं बँकेचं काम सगळं त्याच्यावरच चालतंय. आता दोन त्रास सुरू झालेत. एक म्हणजे खाली उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटाला लाल डबा येतोय, ५ व्हायरस सापडले, सबस्क्रिप्शन संपलं, ताबडतोब रिन्यू करा. दुसरं म्हणजे पोरगी झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आली की पेनड्राईव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसलेले असतात. कोल्हापुरात राजारामपुरीत एका दुकानात दाखवलं तर तो म्हणला तीन वर्षांचं अँटिव्हायरस पॅक घ्या आणि बिनघोर ऱ्हावा. पुण्याचा मेव्हणा म्हणतोय एक रुपया खर्च करू नका, विंडोजमध्ये सगळं फुकट असतंय. मेव्हणा आयटीत आहे पण तो प्रत्येकच गोष्टीत एक रुपया खर्च करू नका म्हणतो, म्हणून विचारतोय.

आठवी_गल्ली
घेऊन टाका की. मी क्विक हील वापरतोय बरीच वर्षं, काही त्रास नाही. आपल्या साताऱ्यातल्या रहिमतपूरच्या काटकर बंधूंची कंपनी, कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून पुण्यात एवढी मोठी केली, पैसे आपल्याच माणसात जातात. आणि अडलं तर फोनवर मराठीत बोलायला माणूस मिळतो हे मला लई महत्त्वाचं वाटतं. तेवढं ४ जीबी रॅमवर मशीन जरा जड चालंल, ते धरून चाला.

फॉरमॅटवाला
थांबा, पैसे काढायच्या आधी एक ऐका. तो लाल डबा व्हायरस न्हवंच. पोरीनं नाहीतर तुम्ही कुठल्यातरी साईटवर "अलाव" दाबलंय, त्या साईटच्या नोटिफिकेशन आहेत त्या, आणि असल्या जाहिराती मुद्दाम अँटिव्हायरससारख्या दिसतील अशाच बनवतात. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथं साईट सेटिंग्ज, तिथं नोटिफिकेशन्स. यादीत अनोळखी जेवढी नावं दिसतील तेवढी काढून टाका, डबा बंद. आमच्याकडं आठवड्याला दोन-तीन गिऱ्हाईकं याच कारणानं येतात आणि खरं सांगायचं तर धंद्यातले सगळेच लोक हे सांगत नाहीत.

शॉर्टकटचं मात्र खरंच किडं आहे. फाईली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका, तिथंच तो तुमच्या मशीनमध्ये शिरतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाईल्स दाखवा करा आणि "हाईड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाईल्स"ची टिक पण काढा, नुसतं पहिलं करून दिसत नाहीत बऱ्याचदा. दिसल्या की आपल्या फाईली दुसरीकडं कॉपी करा आणि पेनड्राईव्ह फॉरमॅट. आणि पोरीला सांगा प्रिंटला पीडीएफ व्हॉट्सॲपवर नाहीतर मेलवर पाठवत जा, पेनड्राईव्ह दुकानात न्यायचाच नाही.

राहिला प्रश्न विकतच्याचा. मेव्हणा अर्धा बरोबर आहे. विंडोज १० मधला डिफेंडर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं फुकटचं अँटिव्हायरस, आता चांगला आहे, जर्मनीत एव्ही-टेस्ट म्हणून संस्था आहे, ती १८ पैकी मार्क देते, त्यात हा गेली कित्येक वर्षं विकतच्यांच्या बरोबरीनं येतोय. दुसरं अँटिव्हायरस टाकलं की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, म्हणजे दोन्ही एकदम ठेवून डबल सुरक्षा मिळते असं काही नसतंय. जुनं एखादं ट्रायल संपून पडलं असलं तर ते आधी पूर्ण काढा, नाहीतर कधीकधी ना ते चालतंय ना हे.

रंकाळा_संध्याकाळी
फुकटातली पण बघून घ्या बरं का. अवास्ट या फुकटच्या अँटिव्हायरसवाल्या कंपनीला २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहक संरक्षणाच्या सरकारी संस्थेनं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले, कारण काय तर लोकांची ब्राउझिंगची माहिती विकली. राखणदारच घरातलं गावभर सांगत फिरायला लागला तर काय करायचं. त्याच वर्षी कॅस्परस्की या रशियन अँटिव्हायरसच्या विक्रीवर तिकडं बंदी घातली, पण तो भाग राजकारणाचा जास्त.

शिरोली_एमायडीसी_अकाऊंट्स
मी एका फाऊंड्रीच्या ऑफिसात अकाऊंटला आहे. आमच्यात सगळ्या मशीनवर विकतचं अँटिव्हायरस होतं, वेळच्या वेळी रिन्यू केलेलं. तरी एका सकाळी एकानं मेलमधलं "पेंडिंग इनव्हॉइस" उघडलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या एक्सेल, टॅलीचा डेटा, ड्रॉइंग, सगळ्यांची नावं बदललेली आणि एक चिठ्ठी, पैसे द्या मग उघडतो. बॅकअप होता, पण डी ड्राईव्हला. तो पण लॉक. शेवटी कपाटाच्या खणात एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क निघाली, वीस दिवसांपूर्वी कुणीतरी कॉपी करून विसरलेली, तिच्यावरून वाचलो, आणि ते वीस दिवस आम्ही तिघांनी बिलं बघून परत टाईप केले. डिस्क कॉम्प्युटरला जोडलेली नव्हती म्हणून वाचली एवढंच. भिशीचा हिशोब आणि लग्नाचे फोटो असतील तर आधी एक डिस्क घ्या, कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा. अँटिव्हायरसचं नंतर बघा.

फॉरमॅटवाला
शिरोलीच्या ताईंनी लाखातलं सांगितलं. आणखी दोन गोष्टी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या चौथ्या जनरेशनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. मायक्रोसॉफ्टनं जादाचे सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिलेत, त्याला नाव नोंदवावं लागतं. भिंतीला भगदाड असताना दाराला महागडं कुलूप लावून काय उपयोग.

दुसरं, विंडोज आणि ऑफिस ओरिजिनल आहे काय? नसलं तर आत्ता हे बघा. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, एकदम खाली एक्सक्लूजन्स. काय लिहिलंय ते इथं सांगा.

रविवार_तांबडा_रस्सा
लाल डबा गेला!! सहा साईट होत्या यादीत, त्यातली एक क्रिकेटची, म्हणजे ते पाप माझंच. पोरीला उगंच बोललो.

एक्सक्लूजन्समध्ये एकच ओळ आहे, C:\ एवढंच. म्हणजे काय?

फॉरमॅटवाला
म्हणजे तुमचा डिफेंडर चालू आहे पण अख्ख्या सी ड्राईव्हकडं बघायचं नाही असं त्याला सांगून ठेवलंय. क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायचा जुगाड, टाकताना डिफेंडर अडवतोय, मग टाकणारा असं करून मोकळा होतो आणि परत काढत नाही. ती ओळ रिमूव्ह करा, मग स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाईन स्कॅन लावा, मशीन रिस्टार्ट होऊन पंधरा-एक मिनिटं घेईल, घाबरू नका.

आठवी_गल्ली
आयला. मी पण बघून येतो.

रविवार_तांबडा_रस्सा
झालं स्कॅन. तीन सापडली, एकापुढं हॅकटूल लिहिलंय आणि दोघांपुढं ट्रोजन. आठवलं, ऑफिस टाकून देणारा आणि आता तीन वर्षांचं पॅक घ्या म्हणणारा दुकानदार एकच आहे. बँकेचं सगळं याच मशीनवर केलंय हो मी.

फॉरमॅटवाला
हॅकटूल म्हणजे क्रॅकसारखी अवजारं, आणि ट्रोजन म्हणजे चांगल्या सॉफ्टवेअरचं सोंग घेऊन शिरणारं किडं. आता या मशीनवर बँक उघडूच नका. मोबाईलवरून बँकेचा आणि मेलचा पासवर्ड बदला, स्टेटमेंट नीट बघा, एक रुपया जरी वेगळा वाटला तर बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, जेवढं लवकर तेवढं बरं. मग फोटो आणि हिशोबाच्या फाईली तेवढ्या डिस्कवर घ्या, सेटअप-बिटअप काही उचलू नका, आणि मशीन कोरं करून टाका. पण त्याच्यावर खर्च करण्यापेक्षा ऑफिसमधून निघालेला आठव्या जनरेशनचा डेस्कटॉप ओरिजिनल विंडोजसकट बघा, ११ चालंल त्याच्यावर. पॅकचे पैसे तिकडं वळवा.

आठवी_गल्ली
माझं एक्सक्लूजन बघायला गेलो तर डिफेंडरच बंद, क्विक हील असल्यामुळं. पण क्विक हीलमध्ये पण तसली यादी असती आणि त्यात ऑफिसचा अख्खा फोल्डर हाय. आपला दुकानदार एकच दिसतोय भावा.

रविवार_तांबडा_रस्सा
पासवर्ड बदलले, स्टेटमेंट बघितलं, सगळं जाग्यावर आहे. डिस्क उद्या आणतो. तेवढं मेव्हण्याच्या कानावर घालू नका कुणी, गणपतीत येतोय तो.