शब्दचर्चा: ‘निरोप समारंभ’ की ‘शुभेच्छा समारंभ’?

नौपाडेकर: दहावीच्या वर्गाची स्मरणिका छापायला द्यायची आहे. ए-५ आकार, २४ पानं, मधोमध पिना. मुखपृष्ठावर ‘निरोप समारंभ’ लिहावं की ‘शुभेच्छा समारंभ’ यावर एकमत होत नाही. फ्लेक्सच्या मसुद्यात ‘दहावीच्या विद्यार्थ्यांनी दिला शाळेला निरोप’ अशी ओळ आहे. कानाला खटकते, पण का ते सांगता येत नाही. आठवणींच्या विभागालाही नाव हवं आहे.

मुद्रितशोधक: खटकतं ते ‘दिला’मुळे. जाणारा निरोप घेतो, मागे राहणारा देतो. गणपती जातो, आपण मागे राहतो, म्हणून निरोप आपण देतो. या कार्यक्रमात मागे राहते नववी आणि शिक्षक. म्हणजे नववीने दहावीला निरोप दिला, दहावीने शाळेचा निरोप घेतला. विभक्तीही बदलते बघा: देताना ‘ला’, घेताना ‘चा’.

मूळ अर्थ पाहिला की हे पक्कं बसतं. जुन्या मराठीत निरोप म्हणजे आज्ञा, अनुमती. निघणारा ‘येऊ का?’ विचारतो आणि घरचा ‘या’ म्हणतो, तो निरोप. परवानगी मागणाऱ्याने घ्यायची असते, त्याने ती देऊन कसं चालेल? सांगावा हा अर्थही त्याच शब्दाला आहे, त्यावरूनच ‘निरोप्या’. म्हणून ‘सरांनी निरोप दिला’ एवढंच छापलंत तर वाचणारा पुढचं वाक्य शोधत बसेल, की बुवा काय निरोप?

नेरुळवासी: पण ‘क्रिकेटला निरोप दिला’, ‘नोकरीला निरोप दिला’ असं सर्रास छापून येतं की. तिथेही जाणाराच देतो.

मुद्रितशोधक: येतं, आणि ते आता रुळलं आहे. तिथे ‘रामराम ठोकला’च्या चालीवर, ‘सोडून दिलं’ या अर्थाने तो शब्द वापरतात. शाळेच्या बाबतीत हाच अर्थ नको असतो. ‘शाळेला निरोप दिला’ यात एकदाची सुटका झाली असा सूर लागतो.

घणसोलीकर: ‘निरोप’ टाळायचं दुसरं कारणही असतं. ‘जगाचा निरोप घेतला’ या वाक्यामुळे काही पालकांना तो शब्द परीक्षेच्या तोंडावर अशुभ वाटतो. आपल्याकडे ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायची रीत आहे, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे बऱ्याच शाळा ‘शुभेच्छा समारंभ’, ‘सदिच्छा समारंभ’ किंवा ‘शुभचिंतन’ लिहितात. शुभेच्छा परीक्षेला आणि निरोप शाळेचा, असा भेद आहे. कार्यक्रम परीक्षेआधी असेल, हॉलतिकीट वाटप आणि शिक्षकांच्या सूचना त्यातच असतील, तर ‘शुभेच्छा’ नेमका बसतो. निकालानंतर असेल तर तो शब्द लटका पडतो.

‘पदवीदान’ मात्र लिहू नका. दहावीला प्रमाणपत्र मिळतं, पदवी नव्हे. सीनिअर केजीच्या पोरांना गाऊन घालून ‘ग्रॅज्युएशन’ करतात त्याचा तो अनुवाद वाटेल. ‘दीक्षान्त’ही विद्यापीठालाच राहू दे.

नेरुळवासी: शिक्षण संपल्याचा अस्सल शब्द आपल्याकडे आहे: सोडमुंज! संस्कृतात समावर्तन, म्हणजे गुरुगृहाहून परत फिरणं.

मुद्रितशोधक: शब्द सुरेख आहे, पण तो धार्मिक संस्काराचा आहे आणि मुंज झालेल्या मुलांपुरताच. मुलामुलींच्या वर्गाच्या मुखपृष्ठावर नको. आतल्या एखाद्या विनोदी लेखात खपेल.

नौपाडेकर, विभागाच्या नावाबद्दल. ‘स्मृती’ जपून वापरा. ‘स्मृतिदिन’, ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ यांमुळे माणसाच्या नावाला जोडून ‘स्मृती’ आलं की ती व्यक्ती हयात नाही असं वाचलं जातं. ‘अमुक बाईंच्या स्मृती’ असा मथळा गेला आणि बाई समोर पहिल्या रांगेत बसलेल्या, तर पंचाईत. साधं ‘आठवणी’ लिहा. ‘स्मृतिचिन्ह’ चालतं, पण त्यात ‘ति’ ऱ्हस्व: एकटा शब्द ‘स्मृती’, समासात आधी आला की ‘स्मृति’. तसंच ‘विद्यार्थी’ एकटा दीर्घ, ‘विद्यार्थिसंघ’ जोडून लिहिलात तर ऱ्हस्व. आणि दाखला हातात पडेपर्यंत ही मुलं ‘माजी’ नाहीत, तेव्हा ‘माजी विद्यार्थ्यांचे मनोगत’ हा मथळाही काढा.

घणसोलीकर: ‘शाळा’ची क्रियापदंही तपासा. ‘शाळा सुटली’ म्हणजे रोजची घंटा, किंवा ‘चौथीतच शाळा सुटली’ म्हणजे शिक्षण थांबलं. ‘शाळा सोडली’ म्हटलं की मध्येच सोडली असं वाटतं, जरी कागदाचं नाव ‘शाळा सोडल्याचा दाखला’ असलं तरी. इथे ‘शाळा संपली’ बरं. आणि ‘आम्ही केलेली शाळा’ असं चुकूनही नको, ‘शाळा करणं’ म्हणजे काय ते दहावीच्या पोरांना तुमच्याआमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मुलांच्या लिखाणात कुणी बोलीत ‘शाला’ लिहिलं असेल तर ते दुरुस्त करू नका. आगरीत ळ चा ल होतो, डोळा तसा डोला. संस्कृतातही मूळ शब्द ‘शाला’च.

मुद्रितशोधक: छपाईआधी तीन ठिकाणी बोट ठेवून वाचा. ‘हृद्य सत्कार’चं ‘हृदय सत्कार’ होतं, हे हटकून. ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’मधला अर्धा ऱ मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेताना रफार होऊन ‘दुसर्या’ उमटतो. तिसरं, बॅचचं वर्ष. ‘२०२४-२५ची बॅच’ लिहिलं की पुढे स्नेहमेळाव्याच्या वेळी कोण कुठलं वर्ष धरतं याचा गोंधळ होतो. ‘दहावी, मार्च २०२५’ असं परीक्षेच्या महिन्यासकट लिहा. ठाण्यात नुसतं ‘बॅच’ म्हटलं तर क्लासची सकाळची बॅचही असते.

नौपाडेकर: मुखपृष्ठावर ‘शुभेच्छा समारंभ’, फ्लेक्सवर ‘शाळेचा निरोप घेताना’. ‘हृदय’ दोन पानांवर सापडलं. शेवटची शंका: संपादकीयाचा मथळा ‘तपपूर्ती’ आहे. तप म्हणजे बारा वर्षं ना? इयत्ता तर दहाच.

घणसोलीकर: बाराच. लहान शिशू, मोठा शिशू आणि पुढे दहा इयत्ता धरल्या तर तप बरोबर भरतं. ‘इयत्ता’ हा शब्दही मापाचाच आहे: संस्कृत ‘इयत्’ म्हणजे इतकं, इयत्ता म्हणजे इतकेपणा. जुन्या पिढीची ‘यत्ता’ तीच. पण तुमच्या वर्गात पाचवीत किंवा आठवीत दुसऱ्या शाळेतून आलेली मुलं आहेत का?

नौपाडेकर: आहेत, जवळजवळ निम्मी.

घणसोलीकर: मग मथळ्यातून ‘तप’ काढा. पहिल्या परिच्छेदात ‘शिशुवर्गापासून असलेल्यांचं हे बारावं वर्ष, आठवीत आलेल्यांचं तिसरं’ असं लिहा. जागा एका ओळीने वाढेल. पान मात्र वाढू देऊ नका, पिनांच्या पुस्तिकेत पानं चारच्या पटीतच घालावी लागतात. २५ झाली की तीन कोरी.