मदत हवी आहे: अंडरमाउंट चॅनेल निवडलं तरी ड्रॉवरचं माप बदलत नाही

मंडळी, मुलुंडला एका फ्लॅटचं मॉड्युलर किचन डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये काढतोय. बेस युनिट (ओट्याखालचं कपाट) ६०० मिमी रुंद, प्लाय १८ मिमी, म्हणजे आत ५६४. साध्या टेलिस्कोपिक चॅनेलला (ड्रॉवरच्या बाजूंना लागणारी सरकपट्टी) दोन्हीकडे १३-१३ सोडून सॉफ्टवेअर ड्रॉवरचा बॉक्स बाहेरून ५३८ चा काढतं, ते ठीकच. आता पार्टीला सॉफ्ट क्लोज अंडरमाउंट, म्हणजे ड्रॉवरच्या तळाखाली बसणारं, हळू बंद होणारं चॅनेल हवंय. हार्डवेअर लायब्ररीत चॅनेल बदललं, थ्रीडीत दिसतंयही, पण कटिंग लिस्टमध्ये ५३८ च! या चॅनेलला बॉक्सची आतली रुंदी ५६४ वजा ४२, म्हणजे ५२२ लागते. १२ मिमीच्या बाजू धरून बाहेरून ५४६. शिवाय तळ १३ मिमी वर घ्यायचा, मागे खाचा द्यायच्या, त्याचा तर पत्ताच नाही.

हा क्लिअरन्स (सोडायची मोकळी जागा) सॉफ्टवेअरमध्ये चॅनेलला जोडायचा की ड्रॉवरच्या टेम्प्लेटला? आणि आतून ०.८ चं लॅमिनेट लागणार, ते तुम्ही मापात कुठे धरता? आमचे मिस्त्री म्हणतात, "काळजी नको साहेब, सूतभर इकडेतिकडे करून बसवतो." अंडरमाउंटला सूतभर (तीनेक मिमी) म्हणजे फार झालं. गुरुवारी प्लाय कटिंगला जातोय, त्याआधी कोणी सेटिंगचा स्क्रीनशॉट टाकला तर बरं होईल.