मदत हवी आहे: एडिसनमधला तो बर्फ १९९३चा की १९९६चा?

फोटोत मी न्यू जर्सीतल्या एडिसन गावी आमच्या घरासमोर कमरेइतक्या बर्फात फावडं घेऊन उभी आहे. मागे तारीख नाही. आई म्हणते मार्च १९९३. पण ते वादळ शनिवारचं. मला आठवतं ते असं: सोमवारी पहाटे बर्फ पडतोच आहे, बाबा रेडिओवर बंद शाळांची यादी ऐकताहेत आणि आम्ही देवासमोर हात जोडून (गृहपाठ झाला नव्हता!). म्हणून मला ८ जानेवारी १९९६ वाटतं. तेव्हा नेवार्कला जवळपास २८ इंच पडला होता. निगेटिव्ह हरवल्या, शाळेकडे जुनी नोंद नाही, भाऊ तेव्हा तान्हा. त्या वर्षी शाळेचे सक्तीचे १८० दिवस भरायला जूनमध्ये जादा शाळा झाली, एवढं नक्की. तेव्हा एडिसन-इझेलिनला शाळेत असलेल्यांनो, ते कोणतं वर्ष?