जुन्या पीसीचं बायोस: आधी सेटिंगचे फोटो काढा

जुन्या पीसीचं बायोस (मदरबोर्डवरचं, पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावं का, यावर ‘चालतंय तर बायोसला हात लावू नका’ हे मत बहुतांशी पटतं. पण त्याच मदरबोर्डवर नवा प्रोसेसर बसवायचा असेल, तर अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करून घ्या. एक मुद्दा मात्र राहिलाय: अपडेटनंतर सेटिंग बहुतेक वेळा मूळ स्थितीत जातात. साटा मोड (हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत) आधी जुना आयडीई होता आणि आता नवा एएचसीआय झाला, की विंडोज ७ निळा पडदा दाखवून अडतं. लोक अपडेट फसलं समजून विंडोज नव्याने टाकतात, डेटा घालवतात. खरं तर मोड पूर्ववत केला की पुरतं. म्हणून आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ते सस्पेंड करा, नाहीतर पीसी सुरू होताना ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागेल.

मदरबोर्डवर छापलेली रिव्हिजन (आवृत्ती) अपडेटच्या फाइलशी जुळवा, फाइल फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर घ्या आणि विंडोजमधून नको, बायोसमधूनच फ्लॅश करा, म्हणजे नवं बायोस चढवा. बेळगाव जिल्ह्यात खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल नेम नाही; यूपीएस लावा, आणि त्याची बॅटरी लोड घेते का ते आधी तपासा.