विषय: वापरलेली गाडी घेतोय, व्हिन नंबर कुठे आणि कसा बघायचा?

प्रेषक: आयर्व्हिंगहून, नवीन सभासद

नमस्कार मंडळी,

आम्ही या वर्षीच पुण्याहून डॅलसला आलो. मुलीची शाळा सुरू झाल्यापासून एका गाडीवर भागत नाही, म्हणून वापरलेली एसयूव्ही बघतोय. फ्रिस्कोतल्या एका गृहस्थांची २०१८ मॉडेलची गाडी ऑनलाइन जाहिरातीत दिसली. त्यांनी मेसेजवर व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, पाठवला, मी पैसे भरून त्याचा हिस्टरी रिपोर्ट काढला. एकही अपघात नाही, टायटल (मालकीचा कागद) क्लीन. शनिवारी गाडी बघायला जाणार आहे. ऑफिसातला मित्र म्हणतो, रिपोर्ट क्लीन आहे ना, मग चेक देऊन गाडी घेऊन ये. बायको म्हणते, आधी मंडळात विचार. हा नंबर गाडीवर नक्की कुठे असतो, आणि तो बघून काय कळतं?

---

प्रेषक: प्लेनोची ताई
विषय: उत्तर: वापरलेली गाडी घेतोय…

वहिनींचं ऐकलंत, बरं केलंत. मी निवृत्त होईपर्यंत मोटार विम्याच्या क्लेम्समध्ये होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही रिपोर्ट काढलात तो मेसेजमध्ये आलेल्या नंबराचा. फ्रिस्कोत उभ्या असलेल्या गाडीवर तोच नंबर आहे का, हे अजून तुम्ही पाहिलेलंच नाही. चोरीची गाडी विकणारे नेमकं हेच करतात. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची दुसऱ्या राज्यातली एखादी सरळमार्गी गाडी शोधायची, तिचा नंबर उचलायचा आणि त्याची पट्टी चोरीच्या गाडीवर लावायची. मग रिपोर्ट काढा, स्वच्छच येणार, कारण तो त्या दुसऱ्या गाडीचा आहे. म्हणून आधी गाडी, मग कागद.

शनिवारी दिवसाउजेडी जा, मोबाइलचा टॉर्च चालू ठेवा. ड्रायव्हरच्या बाजूने, बाहेर उभं राहून, समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात डॅशबोर्डवर पट्टी दिसेल. सतरा अक्षरं-आकडे. फोटो काढा, पण नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका. पट्टी वाकडी बसली आहे का, कडेला गोंद दिसतो का, रिव्हेट उचकटून पुन्हा ठोकल्यासारखे वाटतात का, एखाद्या आकड्याची जाडी शेजारच्यांपेक्षा वेगळी आहे का, हे बघा. त्या जागेवर कोणी मुद्दाम कागद किंवा फोन ठेवला असेल तर तो उचलायला सांगा.

मग ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. दरवाजाच्या चौकटीवर उत्पादकाचं लेबल असतं, त्यावर तोच नंबर आणि गाडी बनल्याचा महिना व वर्ष असतं. लेबलची कड नखाने हलकेच तपासा. लेबल नसेल, फाटलं असेल किंवा त्यावर रंगाचे शिंतोडे असतील तर कारण विचारा. तो खांब रंगवला गेलाय म्हणजे बाजूने ठोकर बसलेली असू शकते.

पुढचं बहुतेक लोक बघत नाहीत. १९८४च्या फेडरल कायद्यानंतर, ज्या मॉडेल्सची चोरी जास्त होते त्यांच्या मोठ्या भागांवरही हा नंबर लावायचा नियम आला: इंजिन, ट्रान्समिशन, बॉनेट, फेंडर, दरवाजे, बंपर, डिकीचं झाकण. सगळ्याच मॉडेल्सवर ही लेबलं नसतात, पण तुमच्या गाडीवर असतील तर प्रत्येक वाचा. एका दरवाजावर वेगळाच नंबर निघाला तर तो दरवाजा दुसऱ्या गाडीचा आहे.

शेवटी टायटल, रजिस्ट्रेशन आणि विम्याचं कार्ड. एकेक अक्षर बोट ठेवून ताडून बघा, घाईत नजर शेवटच्या चार आकड्यांवरच जाते. टायटलवर नाव विकणाऱ्याचंच आहे ना, आणि बँकेचा बोजा नाही ना, तेही बघा. जवळ स्कॅनर असेल तर स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाला जोडायच्या जागेला) लावा. अलीकडच्या गाड्यांत इंजिनाचा संगणकही स्वतःचा व्हिन सांगतो. तो नुसती पट्टी बदलून बदलत नाही.

एवढं सगळं जुळलं की मग रिपोर्टला अर्थ येतो. नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरोचं व्हिनचेक फुकट आहे, चोरीची नोंद आणि सॅल्व्हेजची, म्हणजे गाडी भंगारात काढल्याची, नोंद त्यात दिसते. टायटलवर पुराचा किंवा सॅल्व्हेजचा शिक्का कधी बसला होता का, यासाठी एनएमव्हीटीआयएस या राष्ट्रीय टायटल नोंदणीचा रिपोर्ट थोड्या पैशांत मिळतो. आपल्या टेक्सासात हे मुद्दाम बघायला हवं. २०१७च्या हार्वी वादळात ह्यूस्टनकडे गाड्या अक्षरशः गळ्यापर्यंत बुडाल्या. अशा गाड्या वाळवून, धुऊनपुसून, कागदांसाठी दुसऱ्या राज्यातून फिरवून परत बाजारात आणायचे प्रकार होतात. सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ असेल तर तिथूनच परत या.

---

प्रेषक: मॅकिनीहून
विषय: उत्तर: उत्तर: वापरलेली गाडी घेतोय…

ताईंनी गाडीवरचं सांगितलं, मी नंबराच्या आतलं सांगतो. मला त्याचं गणित फार आवडतं.

सतरा स्थानांची ही पद्धत अमेरिकेत १९८१च्या मॉडेल्सपासून सक्तीची आहे. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. कोणी पाठवलेल्या नंबरात ओ दिसला तर तो शून्य तरी आहे किंवा नंबर तरी चुकीचा आहे. पहिलं अक्षर देश सांगतं: १, ४ आणि ५ अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको, जे जपान, के कोरिया, डब्ल्यू जर्मनी. जपानी कंपनीची गाडी १ किंवा २ ने सुरू झाली तर घाबरू नका. होंडाच्या कार १एचजी (अमेरिका), २एचजी (कॅनडा) आणि जेएचएम (जपान) अशा तिन्ही प्रकारे सुरू होणाऱ्या मिळतात.

दहावं स्थान मॉडेल वर्षाचं. २०१०ला ए, २०११ला बी, असं पुढे. आय, ओ, क्यू तर नाहीतच, इथे यू, झेड आणि शून्यही वगळतात. त्यामुळे २०१७ला एच आणि २०१८ला जे. तुमच्या नंबरात दहाव्या जागी जे हवा. जाहिरातीत २०१८ आणि नंबरात एच निघाला तर गाडी वर्षाने जुनी आहे, भावात तेवढी घासाघीस करा. दरवाजावरच्या लेबलवर मात्र २०१७चा एखादा उत्तरार्धाचा महिना असू शकतो. नव्या वर्षाचं मॉडेल आदल्या वर्षीच बनायला लागतं, त्यात लबाडी नाही.

नववं स्थान म्हणजे तपासणी अंक. अक्षरांना किमती असतात: ए ते एच म्हणजे १ ते ८, जे ते एन १ ते ५, पी ७, आर ९, एस ते झेड २ ते ९. मग डावीकडून प्रत्येक स्थानाची किंमत ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, ०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २ या वजनांनी गुणायची, बेरीज करायची, ११ने भागायची. बाकी नवव्या स्थानाशी जुळली पाहिजे. बाकी १० आली तर तिथे एक्स असतो. गंमत म्हणून सतरा वेळा १ लिहून बघा: बेरीज ८९, बाकी १, म्हणजे नंबर "पास". म्हणूनच ताईंचा मुद्दा मला पटतो. हा अंक टायपिंगची चूक आणि मनाने रचलेला नंबर बहुतेक वेळा पकडतो, पण खऱ्या गाडीवरून चोरलेला नंबर इथे बिनबोभाट पास होणार.

---

प्रेषक: ॲलनहून
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: वापरलेली गाडी घेतोय…

हे वाचून मी कोथरूडला बाबांच्या स्विफ्टचा चेसिस नंबर (तिकडचा व्हिनच) मागवून गणित केलं. नववा अंक जुळतच नाही! बाबा आता काळजीत, आरटीओला जाऊ का विचारतायत.

---

प्रेषक: मॅकिनीहून

काकांना आधी फोन करून सांगा, काळजीचं काही नाही. तपासणी अंकाची सक्ती उत्तर अमेरिकेत आहे. भारतात आणि युरोपात उत्पादक नवव्या स्थानी स्वतःचा काहीही संकेत टाकू शकतात, तिथे हे गणित लावायचंच नाही. आरसी आणि गाडीवरचा नंबर एक आहे ना, एवढं बघायला सांगा. आपल्याकडे गाडीचे कागद करताना चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतात, ती पद्धत मला इथल्या रिपोर्टांपेक्षा जास्त भरवशाची वाटते. माणसाला गाडीजवळ जावंच लागतं.

---

प्रेषक: आयर्व्हिंगहून, नवीन सभासद
विषय: उत्तर: वापरलेली गाडी घेतोय… (गाडी बघून आलो)

ताई, दादा, मनापासून आभार. डॅशबोर्ड, दरवाजाचं लेबल (११/२०१७), टायटल, स्कॅनर, चारही ठिकाणी नंबर सारखा. दहाव्या जागी जे. पण दोन गोष्टी निघाल्या. दरवाज्यांवर आणि डाव्या फेंडरवर व्हिनची लेबलं आहेत. बॉनेट आणि उजव्या फेंडरवरच्या लेबलांवर मात्र व्हिन नाही, नुसता आर, कंपनीचं चिन्ह आणि डॉट अशी अक्षरं. दुसरं म्हणजे, एनएचटीएसए या वाहन सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या साइटवर नंबर टाकल्यावर एक रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं) अजून उघडा दिसतोय. गाडी सोडून द्यायची का?

---

प्रेषक: प्लेनोची ताई

आर म्हणजे कंपनीने दिलेला बदली भाग. चोरीचा नाही, नवा विकत घेऊन बसवलेला. त्यामुळे नंबराची चिंता मिटली, पण समोरून उजवीकडे ठोकर बसली होती हे नक्की. रिपोर्टमध्ये ती नाही, कारण विम्याकडे किंवा पोलिसांत न गेलेला अपघात रिपोर्टला कळायला मार्गच नसतो. विकणाऱ्यांना सरळ विचारा, भांडणाच्या सुरात नको. खरं सांगतात का, त्यावरून पुढचं ठरवा. ते काहीही म्हणाले तरी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवून समोरची चासी, रेडिएटरचा आधार आणि एअरबॅग बघून घ्या.

रिकॉलसाठी गाडी सोडू नका. कंपनीच्या डीलरकडे ते काम फुकट होतं, मालक कितवा का असेना. फक्त एअरबॅगचा रिकॉल असेल तर काम झाल्याशिवाय मुलीला त्या गाडीत बसवू नका. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगनी या देशात माणसं गेली आहेत.

व्यवहार ठरला तर दोघं मिळून काउंटी टॅक्स ऑफिसात जा, टेक्सासचा डीएमव्हीही (वाहन नोंदणी खातं) हेच सुचवतो. चेक तिथे, खिडकीसमोर द्या.

---

प्रेषक: कॅरलटनहून

विषय निघालाच आहे तर विकणाऱ्यांसाठी. आम्ही कायमचे नागपूरला परततोय, गाडी विकायला काढली आहे. एकजण गाडी न बघताच म्हणाला, अमुक साइटवरून व्हिन रिपोर्ट काढून पाठवा, मग लगेच येतो. साइट कधी ऐकलेली नाही आणि कार्डचा नंबर मागते. व्हिन देणं धोक्याचं आहे का?

---

प्रेषक: प्लेनोची ताई

व्हिन देण्यात धोका नाही, तो काचेतून रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसतोच. धोका कार्डचा नंबर देण्यात आहे. ही जुनी फसवणूक आहे, फेडरल ट्रेड कमिशनने याबद्दल लोकांना सावध केलेलं आहे. त्या माणसाला सांगा, व्हिन घ्या आणि हवा तो रिपोर्ट तुम्हीच काढा. खरा गिऱ्हाईक असेल तर काढेल. आणि गाडी विकल्यावर डीएमव्हीला ट्रान्सफर नोटिफिकेशन भरूनच विमानात बसा, नाहीतर टोलची बिलं तुमच्या नावाने येत राहतील.

---

प्रेषक: आयर्व्हिंगहून, नवीन सभासद

विकणाऱ्यांनी लगेच मान्य केलं: डेंटनच्या रस्त्यावर हरिण आडवं आलं होतं, स्वतःच्या पैशाने दुरुस्ती केली, बिलही दाखवलं. रिकॉल एअरबॅगचा नाही, मागच्या कॅमेऱ्याचा आहे. मंगळवारी मेकॅनिककडे नेतोय. आमचा नेहमीचा सुट्टीवर आहे, तेव्हा फ्रिस्को-प्लेनो भागात लिफ्टवर चढवून नीट बघणारा कोणी माहीत असेल तर कृपया मला खाजगी मेल करा.